उन्हाळ्यात विणताना मांडीवरचं ओझं कमी करा

प्रश्न : मी चंद्रपूरला राहते. मुलगी टोरांटोला असते, ऑक्टोबरमध्ये तिचं बाळंतपण आहे आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तिकडे जाणार आहे. जावयांसाठी पुढे बटणांचा स्वेटर फेब्रुवारीत विणायला घेतला. लोकर डबल निटिंग (मध्यम जाडीची), सुया ८ नंबरच्या, पाठीला १२१ टाके. वीस सेंटिमीटर छान झालं. मार्च संपता संपता हाताला घाम यायला लागला, धागा बोटाला चिकटतो, सुई सरकत नाही, विणलेलं मांडीवर घेववत नाही. तरी रेटून आणखी आठ सेंटिमीटर विणलं, तर तेवढा भाग खालच्यापेक्षा अरुंद दिसतो. बाळाचं तर अजून काहीच विणायला घेतलेलं नाही. घरचे म्हणतात, पाऊस पडेपर्यंत ठेवून दे. ठेवू का? की सगळं सुती धाग्यातच विणू?

उत्तर : ताई, ठेवून देऊ नका. एप्रिल-मे घालवले तर सप्टेंबर गाठताना तुमची फार धावपळ होईल, आणि शेवटच्या घाईत विणलेला स्वेटर अंगावर नीट बसत नाही. उन्हाळ्यात काम अडतं ते मुख्यतः दोन गोष्टींनी. मोठा तुकडा मांडीवर पसरून राहतो आणि पांघरुणासारखा तापतो, ही एक. घामट बोटांमुळे वीण नकळत घट्ट होते, ही दुसरी. पहिलीसाठी कामाचा क्रम बदलायचा आणि दुसरीसाठी मोजपट्टी जवळ ठेवायची.

आधी त्या अरुंद आठ सेंटिमीटरांचं बघू. डबल निटिंगला ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुयांवर दहा सेंटिमीटरात साधारण २२ टाके आणि ३० ओळी बसतात. या हिशेबाने तुमचे १२१ टाके ५५ सेंटिमीटर भरतात. वीण घट्ट होऊन दहा सेंटिमीटरात २४ टाके बसायला लागले, तर तेच १२१ टाके जेमतेम साडेपन्नास सेंटिमीटर होतात. पाठीत साडेचार सेंटिमीटर गेले. पुढचे दोन्ही भागही याच हाताने विणले तर छातीच्या घेरात नऊ सेंटिमीटर गेले, आणि चाळीस इंच छातीचा स्वेटर सदतीस इंचाच्या माणसाला होईल. घट्ट भाग टेबलावर न ताणता सपाट पसरा आणि त्याच्या मधोमध दहा सेंटिमीटर मोजा. कडेला मोजू नका, कडेचे टाके नेहमी फसवतात. पाठीच्या पूर्ण रुंदीत दोन सेंटिमीटरांपेक्षा जास्त फरक येत असेल तर तेवढा भाग उसवा. आठ सेंटिमीटर म्हणजे २४ ओळी, पुन्हा विणायला दोन तास. धुऊन, ओढून, टाचण्या लावून शुद्ध लोकर एखाद-दोन सेंटिमीटर सरळ करता येते, पण अ‍ॅक्रिलिक ओढलं तरी वाळल्यावर जागेवर येतं. वाफेच्या इस्त्रीने ते रुंद होतं खरं, पण त्याचा जीव जातो. वीण लोळागोळा होते आणि पुन्हा कधी उभी राहत नाही.

उसवताना जिथे वीण चांगली होती त्याच्या शेवटच्या ओळीतून आधी जाड डोळ्याच्या सुईने एक गुळगुळीत सुती दोरा ओवून घ्या, प्रत्येक टाक्याचा उजवा पाय पकडत. मग वरचं बिनधास्त ओढा. दोऱ्यापाशी येऊन थांबतं, एकही टाका खाली सुटत नाही. निघालेल्या वाकड्यातिकड्या धाग्याची लडी करून चार ठिकाणी सैल बांधा, साध्या पाण्यात अर्धा तास ठेवा, न पिळता सावलीत टांगा. एप्रिलच्या चंद्रपुरात दुपारपर्यंत वाळेल. तसाच कुरळा धागा पुन्हा विणला तर टाके लहानमोठे येतात.

पण ही पाठ आत्ता पुढे विणू नका. टाके त्या सुती दोऱ्यावरच राहू द्या आणि सुया मोकळ्या करा. सुईवर दोन-तीन महिने लटकलेले टाके ताणतात आणि तिथे आडवी रेघ कायमची दिसते. सोबत एक चिठ्ठी ठेवा : सुईचा नंबर, टाके, कितवी ओळ, पुढची ओळ सुलट की उलट, दहा सेंटिमीटरातले टाके, आणि लोकरीच्या गुंड्यावरच्या कागदी पट्टीवरचा रंगाचा लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर. लोकर कमी पडेलशी शंका असेल तर आजच दुकानात जाऊन त्याच लॉटचे गुंडे घ्या. हंगाम संपल्यावर दुकानदार नवा माल मागवत नाहीत, आणि जुलैत मिळणारा तोच रंग वेगळ्या लॉटचा असला तर फरक उजेडात दिसतो.

आता क्रम. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत मांडीवर हातरुमालाएवढं जे मावेल तेवढंच हातात घ्या. पहिलं बाळाचं सगळं, मग जावयांच्या बाह्या, मग पुढचे दोन भाग. पाठ शेवटी, पाऊस स्थिरावल्यावर. गळ्यापासून खाली सलग विणायचे नमुने उन्हाळ्यात घेऊ नका. त्यात अर्धा स्वेटर झाला की पुढची प्रत्येक ओळ अख्खा स्वेटर मांडीवर फिरवूनच विणावी लागते. तुकड्यांचा जुना नमुनाच या हवेला सोयीचा, नंतर शिवायला लागतं तेवढंच.

वेळेचा अंदाज देते. सरावाच्या हाताचे मिनिटाला पंचवीस टाके धरले, तर एका बाहीला साधारण आठ तास, पुढच्या एका भागाला सात, आणि बाळाचं जाकीट, टोपडं, मोजे मिळून सोळा-सतरा तास लागतील. चाळीस मिनिटांची एक बैठक धरली तर या सगळ्याच्या सत्तरएक बैठका होतात. रोज सकाळी एक आणि आठवड्यातून दोनदा रात्री एक, एवढं जमलं तर मृगाच्या आधी पाठ सोडून सगळं हातावेगळं होतं. पाठीच्या उरतात पंधरा बैठका, त्या जुलैत होतील. ऑगस्ट शिवणं, पट्ट्या आणि बटणांसाठी मोकळा राहतो.

चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. उष्म्यात बोटं थोडी सुजतात, पकड आवळली जाते आणि वीण घट्ट व्हायची सुरुवात तिथूनच होते. बसण्याआधी अंगठ्या काढून ठेवा. सकाळी सहा ते आठ ही वेळ सगळ्यांत चांगली : हवा थंड, उजेड सरळ. गडद निळं-काळं जे काही असेल ते याच वेळी विणा. दुपारी पडदे ओढलेल्या खोलीत गडद रंगाचा सुटलेला टाका दिसत नाही, तो चार इंच वर गेल्यावर सापडतो. दुपारी हात राहवत नसतील तर फिक्या रंगाची साधी पट्टी घ्या.

बसताना समोर टेबल किंवा उंच पाट ठेवा आणि विणलेला भाग त्याच्यावर टेकवा. मांडीवर काहीच नको. वजन टेबलावर गेलं की मनगटालाही आराम मिळतो. लांब सरळ सुयांऐवजी मधे दोरी असलेली सुई मिळाली तर जरूर घ्या, उलटसुलट सपाट विणायलाही ती चालते. टाक्यांचं वजन सुईच्या टोकांवर न येता मधल्या दोरीवर येतं. दोरी नवी असताना वळलेली राहते, एकदा गरम पाण्यात बुडवून सरळ ओढून धरली की ऐकते.

हाताच्या घामावर पावडर लावायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. लावू नका. घामात पावडरीची लापशी होते, धाग्यात बसते आणि गडद लोकरीवर पांढरट दिसते. हात साध्या साबणाने आणि गार पाण्याने धुवा, मनगटं क्षणभर पाण्याखाली धरा, पूर्ण कोरडे करा. शेजारी मलमलचा रुमाल ठेवा आणि दर दोन ओळींनी बोटं आणि सुयाही पुसा. विणायच्या आधी तेल किंवा क्रीम नको. आंब्याचे दिवस आहेत, म्हणून एक सांगते : रस काढून नुसते पाण्याने धुतलेले हात स्वच्छ वाटले तरी नखांच्या कडेला पिवळं राहतं आणि बाळाच्या पांढऱ्या लोकरीवर उमटतं. साबण लावूनच बसा.

धागा कुठे अडतो तेही बघा. बहुतेक जणी तो करंगळीला वेढा घालून तर्जनीवरून घेतात. थंडीत या वेढ्याने धागा नीट आवरला जातो, घामात तोच वेढा ब्रेक लावतो. उन्हाळ्यात करंगळीचा वेढा काढा, धागा नुसता बोटांमधून खालीवर घ्या. तरी चिकटत असेल तर जुन्या सुती मोज्याच्या पट्टीची छोटी नळी करून तर्जनीत घाला. घाम ती पिते, धागा तिच्यावरून सरकतो. ओळीच्या मध्ये कधी थांबू नका, घाम पुसायलासुद्धा नाही. थांबल्या जागी एक टाका सैल पडतो आणि पुढचा घट्ट. ओळ संपली की पुसा.

सुयांचं गणित हवेवर आहे. तुमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात बांबूच्या किंवा लाकडी सुया उत्तम, हाताला गरम लागत नाहीत, घाम थोडा शोषतात. अ‍ॅल्युमिनियमच्या सुया घामाने अडकतात आणि काही जणींचे हात काळे करतात, ते काळं फिक्या लोकरीला लागतं. त्याच वापरायच्या तर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या कराव्या. जुन्या पोलादी सुयांचा मुलामा उडाला असेल तर बाळाच्या कामाला त्या नकोतच, गंजाचा डाग निघत नाही. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत मात्र उलटं : तिथे बांबू फुगून खरखरीत होतो, तिथे गुळगुळीत मुलाम्याच्या धातूच्या सुया बऱ्या. ८ नंबरची बांबूची सुई ८ नंबरच्या अ‍ॅल्युमिनियमइतकीच जाड असली तरी हाताची वीण बदलते. म्हणून सुई बदलली की दहा-दहा सेंटिमीटरांचा नमुना पुन्हा विणून मोजायचाच, आणि एका तुकड्याच्या मध्ये सुया बदलायच्या नाहीत.

कूलरच्या थेट झोतात बसू नका. त्या ओल्या वाऱ्यात धागा दमट होतो आणि रात्रभर तिथेच राहिलेल्या गुंड्याला वाळ्याचा नाहीतर साचलेल्या पाण्याचा वास लागतो. झोत पाठीवर घ्या, काम पुढे ठेवा. एसीच्या कोरड्या हवेत अ‍ॅक्रिलिकमध्ये वीज साठते, धागा हाताला, कपड्याला चिकटतो आणि केस-धूळ ओढून घेतो. अशा वेळी गुंडा झाकणाच्या डब्यात ठेवा. महत्त्वाचं म्हणजे एक तुकडा एकाच हवेत विणा. अर्धी बाही पंख्याखाली आणि अर्धी एसीत विणली की मधे पट्टा दिसतो.

मोजणं कसं ठेवायचं? दर दहा सेंटिमीटर विणून झाले की तुकडा टेबलावर पसरून मधोमध टाके मोजा आणि वहीत लिहा. २२ च्या जागी साडेबावीस चालतात. २३ आले तर पुढच्या तुकड्याला ७ नंबरची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची सुई घ्या आणि नमुना पुन्हा मोजा. आपल्याकडच्या नंबरांत आकडा लहान तशी सुई जाड, हे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवा. जुलैत पाठ परत हातात घ्याल तेव्हा हवा थंड झालेली असेल आणि हात सैल पडेल. तेव्हाही आधी दहा ओळी विणून मोजा. दहा सेंटिमीटरात २१ येत असतील तर ९ नंबरवर या, म्हणजे पावणेचार मिलिमीटरवर.

बाहीचा हिशेब देते, म्हणजे सुरुवात करायला अडणार नाही. १० नंबरच्या सुयांवर ५२ टाके घाला, एक सुलट एक उलट अशी सहा सेंटिमीटर पट्टी. मग ८ नंबरवर या आणि दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवा, असं १९ वेळा. ९० टाके होतील. एकूण ४६ सेंटिमीटर झाले की मुंढ्याचे टाके घटवायला घ्या, घट पाठीच्या मुंढ्याशी जुळवून. दोन्ही बाह्या एकाच सुईवर शेजारी शेजारी विणायची पद्धत चांगली आहे, पण उन्हाळ्यात नको, वजन दुप्पट होतं. एक पूर्ण करा, वाढवण्याच्या ओळी वहीत खुणेने लिहा आणि दुसरी वही बघून विणा.

सुती धाग्याबद्दल विचारलंत. जावयांचा स्वेटर सुतात नको. सुताला लोकरीसारखी लवचीक ओढ नसते, वजन जास्त, एवढा मोठा स्वेटर स्वतःच्या वजनानेच लांब होतो, आणि टोरांटोच्या थंडीत उबेला कमी पडतो. विणतानाही सूत ताणलं जात नसल्यामुळे बोटं लवकर दुखतात. मात्र घामट हाताला ते लोकरीच्या नावाने मिळणाऱ्या अ‍ॅक्रिलिकपेक्षा बरं लागतं हे खरं. साधारण ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत शुद्ध लोकर वजनाच्या १६ टक्क्यांच्या आसपास ओलावा आत घेते, सूत आठ, आणि अ‍ॅक्रिलिक जेमतेम दोन. अ‍ॅक्रिलिक घाम पीतच नाही, तो धागा आणि बोट यांच्यामध्ये राहतो. तुमचा गुंडा कशाचा आहे ते पट्टीवर वाचा. मेच्या शेवटच्या पंधरवड्यात अगदीच नकोसं झालं तर बाळासाठी सुती झबली आणि टोपडी विणा, आत घालायला उपयोगी पडतील.

बाळाचं माप नवजाताचं घेऊ नका. ऑक्टोबरचं बाळ खऱ्या थंडीत, जानेवारी-फेब्रुवारीत, तीन-चार महिन्यांचं असेल. तीन ते सहा महिन्यांचं माप घ्या : तयार जाकिटाचा घेर ४८ सेंटिमीटर. जाड लोकरही नको, तिकडे घरं आतून गरम असतात. फोर प्लाय (डबल निटिंगपेक्षा बारीक) धुण्याजोगी लोकर १० नंबरवर विणली तर दहा सेंटिमीटरात २८ टाके बसतात, म्हणजे पाठीला ६७ टाके पुरतात. पुढून उघडणारं करा, बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. गळ्याशी नाड्या-गोंडे नकोत. बटणं दुहेरी दोऱ्याने शिवा आणि प्रत्येक ओढून बघा.

उन्हाळ्याचा एक मोठा फायदा वाया घालवू नका. बाळाचा पूर्ण झालेला प्रत्येक कपडा आणि जावयांच्या बाह्या, पुढचे भाग मृगाच्या आधी धुऊन घ्या. विणताना लागलेला घाम धाग्यात राहिला तर तो पिवळा पडतो, आणि कसर अशाच मळक्या लोकरीवर आधी येते. कोमट पाण्यात सौम्य साबण, चोळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत सपाट पसरून मापात वाळवायचं. थेट उन्हात पांढरी लोकर पिवळी होते, रंग उडतात. पावसात हेच कपडे दोन-दोन दिवस ओले राहून कुबट होतात. पाठ मात्र जुलैतच धुवावी लागेल, ती उघडीप बघून धुवा आणि पंख्याखाली पसरा.

पूर्ण वाळलेले तुकडे जाड सुती पिशवीत घालून कोरड्या कपाटात ठेवा, सोबत वाळलेला कडुनिंब चालेल. बाळाच्या कपड्यांजवळ डांबराच्या गोळ्या अजिबात ठेवू नका. त्यांतल्या नॅफ्थलीनच्या वाफेने काही नवजात बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. यापूर्वी गोळ्यांत ठेवलेल्या लोकरीचं काही विणायचं असेल तर ते जावयांना द्या, बाळाला नवी लोकर आणा.